जुना फ्लॅट थंड, कोरडा आणि कमी विजेचा करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

पुण्यात किंवा ठाण्यात वीस-पंचवीस वर्षांचा जुना फ्लॅट घेतला की बहुतेक घरांत कामाला सुरुवात होते ती फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचनपासून. शोरूममध्ये ते डोळ्यांना दिसतं, इंटिरिअरवाले त्याचीच चित्रं दाखवतात. मग एप्रिल येतो आणि रात्री दहा वाजताही बेडरूमची भिंत हाताला गरम लागते. जुलैत नव्या वॉर्डरोबच्या मागून कुबट वास यायला लागतो. तोवर पैसे संपलेले असतात, म्हणून उपाय एकच उरतो: अजून एक एसी.

आम्ही पुण्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेला उघडणारा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तेव्हा आमच्या आर्किटेक्टबाईंनी पहिल्याच भेटीत कामाचा क्रम लिहून दिला. आधी पाणी, मग ऊन, मग वारा, मग वीज, सजावट शेवटी. पैसे कमी पडले तर यादी शेवटाकडून कापायची, सुरुवातीकडून कधीच नाही. पुढचं साधारण याच क्रमाने लिहिलं आहे. रंग आणि प्लायवूडचा भाग विजेच्या आधी आला असला तरी ते काम वायरिंगनंतरच. उदाहरणं पुण्याची असली तरी मुंबई-ठाण्याकडे आणि विदर्भात जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

हाताशी काय असावं

कागदपत्रं:
- महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत. सोसायटीच्या फाइलमध्ये असते. नसेल तर महापालिकेकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे पहिलं काम.
- इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा शेवटचा अहवाल. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं.
- इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट.
- सोसायटीला द्यायचा अर्ज. सोबत कामांची यादी आणि कुठली भिंत काढणार ते दाखवणारा साधा नकाशा.
- मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं. आधीच्या मालकांची असली तरी चालतील.

साधनं फार लागत नाहीत. फोनमधलं होकायंत्र, टेप, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, आणि शक्य असेल तर भिंतीवर रोखून तापमान मोजायचं इन्फ्रारेड थर्मामीटर. हे शेवटचं विकत घ्यायलाच हवं असं नाही, एखाद्या एसी मेकॅनिककडून दोन दिवसांसाठी मागून आणा. कुठली भिंत किती तापते यावरचे घरातले वाद त्याने लगेच मिटतात.

१. ताबा मिळाल्यावर लगेच तोडफोड सुरू करू नका

रिकामं घर बघायची संधी पुन्हा मिळत नाही. सकाळी, दुपारी आणि सूर्यास्तानंतर, अशा वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा. कोणत्या खिडकीतून ऊन किती आत येतं ते फरशीवर खडूने आखा. खिडक्या उघडून उदबत्ती लावा, धूर कुठून कुठे जातो ते दिसेल. भिंतींवर पापुद्रे, पांढरी खपली, पिवळसर डाग कुठे आहेत त्यांचे तारखेसह फोटो काढा.

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊन पडत नाही. सगळा मारा असतो तो गच्चीवर, सकाळी पूर्वेला आणि दुपारनंतर पश्चिमेला. दक्षिणेची भिंत थंडीत तापते, आणि ते आपल्याला हवंच असतं. एवढं ध्यानात राहिलं तरी पैसे कुठल्या भिंतीवर घालायचे हे कळतं.

२. परवानगी, आणि कशाला हात लावायचा नाही

कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावायचा नाही. कंत्राटदार सहज म्हणतो, "साहेब, बीम थोडा छिलला तर पाइप आत जाईल." नाही म्हणा. जुन्या आरसीसी इमारतीत विटांच्या आतल्या भिंती बहुधा भार घेत नाहीत, तरीही कुठलीही भिंत काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या आणि ते अर्जाला जोडा.

तुमची इमारत नवी असेल आणि मायव्हान शटरिंगने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून बांधलेली असेल, तर सगळा नियमच बदलतो. तिथल्या जवळजवळ सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. वायरिंगसाठी खाचा मारणंही चालत नाही, मग खिडकी मोठी करणं दूरच. अशा घरात वायरिंग आणि प्लंबिंग आहे तसंच धरून चालावं लागतं. शिवाय काँक्रीट उष्णता पटकन आत पोचवतं, विटेच्या जवळपास दुप्पट. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत मात्र विटेपेक्षाही बरीच चांगली अडवते. नवीन फ्लॅट बघताय तर बाहेरच्या भिंती कशाच्या आहेत हा प्रश्न पार्किंगच्या आधी विचारा.

बाल्कनी बंद करून खोली वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. परवानगीचा प्रश्न आहेच. त्याहून मोठं म्हणजे, बाल्कनी ही घराची सावली असते. ती खोलीत घेतली की ऊन थेट राहत्या भिंतीवर येतं.

३. आधी पाणी थांबवा

ओल ही एकाच वेळी आरोग्याची आणि विजेची अडचण आहे. भिंतीत पाणी असेल तर बुरशी येते, दमा असलेल्या माणसाला आणि लहान मुलांना त्रास होतो. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णताही वाहते. आणि ओल्या भिंतीवर केलेला कुठलाही खर्च दोन पावसाळ्यांत गळून पडतो.

पाणी कुठून येतंय ते आधी शोधा, कारण डाग दिसतो एकीकडे आणि उगम असतो दुसरीकडे. साधारण चार जागा तपासायच्या. वरच्या मजल्यावरचं किंवा आपलंच बाथरूम. बाहेरच्या भिंतीच्या चिरा. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातली फट. आणि गच्ची. बाथरूमचा संशय असेल तर नहाणीची जाळी बंद करून फरशीवर दोन-तीन इंच पाणी किमान २४ तास साठवून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छताकडे लक्ष ठेवा. त्यांना आधी सांगून, त्यांच्यासमोर फोटो काढून हे करा. पुढचे कितीतरी वाद टळतात.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे आतून लावायचं वॉटरप्रूफ पुट्टी किंवा रंग. बाहेरून येणारं पाणी आतल्या रंगाने थांबत नाही. ते रंगामागे साठतं आणि वर्षभरात फुगा येतो. बाहेरच्या चिरा बाहेरूनच बुजवायला हव्यात, त्यासाठी झुला लावावा लागतो आणि ते काम सोसायटीचं असतं. म्हणून कमिटीकडे लेखी अर्ज आधीच टाका.

नवीन फ्लॅट असेल तर एक गोष्ट विसरू नका. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेल्याचा पुढे उपयोग होत नाही.

पाणी थांबवल्यावर भिंत सुकायला वेळ द्या. लगेच पुट्टी मारू नका.

४. ऊन काचेच्या बाहेर अडवा

हा टप्पा सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त देतो, आणि इंटिरिअरच्या कोटेशनमध्ये तो बहुतेक वेळा नसतोच.

आतला जाड पडदा ऊन डोळ्यांपासून अडवतो. पण काचेतून आत शिरलेली उष्णता खोलीतच राहते, पडदा फक्त स्वतः तापतो. सावली काचेच्या बाहेर असायला हवी. आपल्या जुन्या घरांतले छज्जे, ओसरी, बांबूच्या चिका (काड्यांचे पडदे) हे सगळं बाहेरच असायचं.

पूर्व-पश्चिमेची खिडकी आणि दक्षिणेची खिडकी यांना वेगवेगळी सावली लागते. दक्षिणेला दोन फुटांचा आडवा छज्जा पुरेसा आहे. पश्चिमेला तो अपुरा पडतो. मेमध्ये दुपारी साडेचारच्या सुमाराला पुण्यात सूर्य क्षितिजापासून तेहतीस-चौतीस अंशांवर उतरलेला असतो, आणि त्या वेळी दोन फुटी छज्जा चार फूट उंच खिडकीचा वरचा जेमतेम सव्वा फूट झाकतो. बाकी सगळ्या काचेवर ऊन. म्हणून पश्चिमेला उभं काहीतरी हवं: उभ्या पट्ट्या, सरकती जाळीदार झडप, बाहेरून गुंडाळता येणारी बांबूची चिक, किंवा बाल्कनीत वेल चढवलेली जाळी. आम्ही बाहेरच्या चिका निवडल्या, कारण ग्रिलच्या आतून त्या वरखाली करता येतात आणि पावसाळ्यात काढून ठेवता येतात. सोसायट्या दर्शनी भागावर एकसारखेपणा मागतात, म्हणून रंग आणि प्रकार कमिटीकडून लिहून मंजूर करून घ्या.

मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली कांचनजंगा ही इमारत आहे, १९८३ साली पूर्ण झालेली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि तळपतं ऊन व पावसाचा झोडपाही पश्चिमेलाच. जुन्या बंगल्यांत राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा असायचा, तोच विचार कोरियांनी २८ मजल्यांच्या इमारतीत आणला: दोन मजले उंचीची खोल गच्ची-बाग मध्ये, खोल्या तिच्या मागे. आपल्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा नसते. पण चार फुटांची बाल्कनी उघडी ठेवली, तिच्या बाहेरच्या कडेला चिक सोडली आणि कुंड्या ठेवल्या, की तत्त्व तेच चालतं.

वरच्या मजल्यावर असाल तर गच्चीचा प्रश्न वेगळा. उघडा आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. त्यात छतातून आत येणाऱ्या उष्णतेसाठी दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला १.२ वॅट ही वरची मर्यादा आहे. साध्या सहा इंची स्लॅबमधून याच्या सुमारे तिप्पट उष्णता येते. उपाय स्लॅबच्या वर करायचा: वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंच एक्सपीएस किंवा पफचे (फोमचे उष्णतारोधक) बोर्ड, त्यावर कोबा, आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक. तेवढं बजेट नसेल तर निदान पांढरा परावर्तक लेप. धूळ बसली की त्याचा उपयोग घटतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागते.

आतून थर्माकोल चिकटवून वर फॉल्स सीलिंग करायचा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नका. स्लॅब तापतच राहतो, खोलीची उंची कमी होते, पंखा खाली येतो, गळती लपते, आणि थर्माकोल आग लागल्यावर भयंकर पेटतो.

गच्ची सोसायटीची असते, म्हणून या कामाला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. "गळती थांबवण्यासाठी वॉटरप्रूफिंग करतोच आहोत, त्याच खर्चात थोडी भर घालून इन्सुलेशन करू" असं मांडलं तर सभासद ऐकतात. फक्त वरच्या मजल्याच्या सोयीसाठी म्हणून मागितलं तर सहसा होत नाही.

५. वारा: खिडकी किती उघडते ते मोजा

इको निवास संहितेनुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात प्रत्यक्ष उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र घराच्या जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश हवं. म्हणजे ६०० चौरस फुटांना १०० चौरस फूट. आता आपल्या स्लायडिंग खिडक्या बघा. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी अर्धीच उघडते. तीन ट्रॅकची दोन तृतीयांश. बिजागरीवरची, बाहेर उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण, ९० टक्के धरतात. खिडक्या बदलायच्याच असतील तर हा फरक काचेच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचा. ग्रिल आड येत असेल तर तीन ट्रॅक घ्या आणि त्यातला एक जाळीचा ठेवा. जाळीने वारा कमी होतो, पण डेंग्यूच्या दिवसांत जाळीशिवाय संध्याकाळी खिडकी उघडी राहणारच नाही. दर महिन्याला जाळी धुतली तर वारा बराच परत मिळतो.

वारा आत यायला जसा रस्ता लागतो तसा बाहेर जायलाही लागतो. बेडरूमचं दार बंद झालं की समोरासमोरचा झोत तुटतो. पूर्वी दारावर झरोका असायचा. दाराच्या वर जागा असेल तर सुताराकडून उघडझाप होणारा झरोका करून घ्या, नाहीतर दारातच लाकडी लुव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्या.

खिडकी कधी उघडायची हे गावागणिक बदलतं. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपार तापली तरी रात्र उतरते. तिथे सकाळी नऊ-दहाला खिडक्या आणि चिका बंद, सूर्यास्तानंतर सगळं उघडं, आणि पहाटेपर्यंत भिंती थंड होऊ द्यायच्या. मुंबईत रात्रही दमट आणि उबदारच असते, त्यामुळे तिथे दिवसरात्र झोत वाहता ठेवणं हाच उपाय. नागपूर, अकोल्याकडे उन्हाळा कोरडा असल्याने डेझर्ट कूलर फार कमी विजेत काम करतो. पावसाळा लागला की मात्र तो बंद करायला हवा, नाहीतर घरात ओल भरते.

६. गॅस गिझर आणि चिमणी

बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावू नका. हे वाक्य मी सगळ्यात कळकळीने लिहितो आहे. गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आंघोळ करणारं माणूस मदत मागण्याआधीच बेशुद्ध पडतं. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गिझर आधीच असेल तर तो ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत हलवा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणा. जागा नसेल तर विजेचा स्टोरेज गिझर घ्या. गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर उत्तमच.

चिमणी बाहेर डक्ट काढलेलीच घ्या. हवा गाळून आतच सोडणारी चिमणी तेल थोडं धरते, पण गॅसचा धूर, वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड घरातच राहतात. डक्ट जितका छोटा आणि कमी वळणांचा तितका चांगला. बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याचं तोंड प्लंबिंगच्या बंद डक्टमध्ये सोडत असतील तर तो डक्ट वर उघडा आहे का बघा.

७. रंग आणि प्लायवूड

जुना रंग खरवडताना शिसं उडतं. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या एनॅमल रंगांत, म्हणजे दारं, खिडक्या, ग्रिल यांवर, शिसं असू शकतं. कोरडी घासाई करू देऊ नका, पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासायला सांगा. त्या दिवसांत लहान मुलं आणि गरोदर बायका घरात नकोत. राहत्या घरात काम चालू असेल तर एकेक खोली बंद करून करा.

प्लायवूड आणि एमडीएफच्या चिकटवणीतून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. हा वायू कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे, आणि उष्ण-दमट हवेत तो जास्त सुटतो. ई-वन किंवा ई-झिरो, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, असा दर्जा लिहिलेला माल मागा. ओल्या जागी आयएस ७१० चा शिक्का असलेला प्लाय. शिक्का पाण्याला टिकण्याबद्दल सांगतो, वायूबद्दल काही सांगत नाही. दोन्ही वेगवेगळं विचारायला हवं. प्रत्येक कापलेली कड आणि मागची बाजू सील करून घ्या. सुतार दिसत नाही म्हणून मागची बाजू कोरी सोडतात. वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सोडून बसवा. फर्निचर झाल्यावर काही आठवडे दारं-कपाटं उघडी ठेवून मगच राहायला जा.

रंग कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला घ्या.

८. वीज: पंख्यापासून सुरुवात करा

साधा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी विजेच्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास चालले तर दिवसाला सुमारे दोन युनिट वाचतात, महिन्याला साठ-पासष्ट. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात, आणि वाचलेली युनिटं वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. म्हणून ही बचत सरासरी दराने मोजली तर कमी दिसते, बिलावर जास्त दिसते.

एसी घ्यायचाच असेल तर खोलीची सावली आणि छत आधी झालेलं असू द्या, आणि मग टनाचा हिशोब करा. आधी केला तर दुकानदार दीड टन सांगेल, नंतर कदाचित एक टनात भागेल. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलावर स्टारबरोबर कालावधीही वाचा. दोन वर्षं गोदामात राहिलेला पाच स्टारवाला आजच्या निकषात चार किंवा तीनचा असू शकतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तिथेच ठेवा आणि पंखा हळू लावा. बीईईच्या हिशोबाने एकेक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. बाहेरचं युनिट बंद डक्टमध्ये किंवा पश्चिमेच्या उन्हात टांगू नका, गरम हवा तेच पुन्हा ओढतं.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. चार माणसं बंद खोलीत झोपली की सकाळी डोकं जड होतं ते यामुळे. झोपताना खिडकीची एक फट उघडी ठेवा.

वायरिंग नवं करत असाल तर एसीला स्वतंत्र लाइन, सगळ्या घराला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरोखर पोचतं आहे का याची मोजणी. भिंती बंद व्हायच्या आधी पाइपांचे फोटो काढून ठेवा, टेप धरून.

९. गच्चीवर सोलर: सोसायटीला सोबत घेऊन

एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःच्या छतासाठी पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. फ्लॅटवाल्यांना मात्र सोसायटीचा मार्ग सोपा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. सामाईक बिल कमी झालं की मासिक देखभाल खर्च सगळ्यांचाच कमी होतो, त्यामुळे सभेत ठराव पास होतो.

लागतं काय: सर्वसाधारण सभेचा ठराव, सामाईक मीटरचं बिल, सोसायटीचा पॅन आणि बँक तपशील, गच्चीचे फोटो. अर्ज योजनेच्या पोर्टलवर, काम तिथे नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून, आणि पॅनेल भारतात बनलेली, नाहीतर अनुदान मिळत नाही. काम झाल्यावर महावितरण नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर बसवतं.

दोन गोष्टी आधीच ठरवा. पॅनेलचा सांगाडा सात-आठ फूट उंच घ्या. गच्ची वापरात राहते आणि स्लॅबवर सावली पडते, म्हणजे चौथ्या टप्प्यातलं थोडं काम इथेच होतं. आणि सांगाड्याचे पाय गच्चीत भोकं पाडून बसवू देऊ नका. वर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर बसवायला सांगा, आणि त्या वजनाबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. नव्या वॉटरप्रूफिंगला भोकं पडली की गळतीची जबाबदारी मग कोणीच घेत नाही.

१०. 'ग्रीन' लिहिलेल्या जाहिराती

नवा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. आयजीबीसी आणि 'गृह' या हरित इमारतींच्या दोन्ही मानांकनांत बांधकामाआधी मिळणारं प्रमाणपत्र वेगळं आणि इमारत पूर्ण झाल्यावरचं वेगळं. जाहिरातीत बहुधा पहिलं असतं. अंतिम प्रमाणपत्र मिळालं का, किंवा ते मिळवण्याची अट करारनाम्यात आहे का, ते विचारा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा असतो. तुमच्या फ्लॅटच्या खिडक्यांसमोर किती फुटांवर पुढची विंग उभी राहणार आहे ते त्यावर मोजा.

११. कंत्राटदार आणि पैसे

तीन कोटेशनं मागवा, पण त्यात मालाचा दर्जा आणि ब्रँड तुम्ही लिहून द्या, नाहीतर तुलनाच होत नाही. राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार हे करारात हवं. नदीपात्रात आणि टेकडीवर पडलेले ढीग आपल्याच घरांतून निघालेले असतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि वॉटरप्रूफिंगच्या रकमेतला काही भाग पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचा असं लिहून घ्या. कंत्राटदार नाखूष होईल, पण चांगला असेल तर तयार होतो. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाल्यावर, मग जुलैच्या झडीत, आणि ऑगस्टच्या शेवटी सगळ्या बाहेरच्या भिंती, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि बाथरूमच्या मागची बाजू हात लावून बघा, फोटो काढा. कोरडं असेल तर सप्टेंबरमध्ये उरलेले पैसे चुकते करा.